ऑइल बदलताना

रविवारी सकाळी अंगणात रिकाम्या पोत्यावर बसलो होतो. मोटरसायकलच्या पोटाखाली पसरट घमेलं सरकवलेलं आणि माझे हात मनगटाच्या वरपर्यंत काळे. तेवढ्यात शाळेतले एक सहशिक्षक मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. सलाम झाला, पण हात मिळवायची सोय नव्हती. पत्रिका त्यांनी ओट्यावर ठेवली आणि हसत म्हणाले, "काय सर, चिपळुणातली गॅरेजं बंद पडली की काय?"

गॅरेजं चालू आहेत. ऑइल बदलायची मजुरीही फार नसते. जे काही पैसे वाचतात त्यात अर्धा किलो मटणसुद्धा येणार नाही. त्यांनी थट्टेत विचारलं आणि मीही हसून चहा मागवला. पण खरं उत्तर द्यायचं तर चहा पुरला नसता, म्हणून ते इथे लिहितो.

माझे अब्बा मेकॅनिक. पत्र्याची शेड, पुढे एक बाकडं, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले पाने. राजदूत, येझदी आणि बजाजच्या स्कूटर यांवर त्यांचा संसार चालला. त्या गाड्या टू-स्ट्रोक होत्या. इंजिनाला लागणारं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, ते जळून धुरातून निघून जायचं, त्यामुळे पेट्रोल भरताना ऑइलची आठवण आपोआप व्हायची. पुढे १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. चार स्ट्रोकची, कमी पेट्रोल खाणारी. तिच्या जाहिरातीचा मथळा आमच्या पिढीला अजून पाठ आहे: भरा, बंद करा, विसरा. बोलणं पेट्रोलबद्दल होतं. अब्बा म्हणायचे, लोकांनी त्यातलं फक्त 'विसरा' एवढंच ऐकलं. या गाडीत ऑइल इंजिनाच्या पोटातच राहतं, फिरतं आणि झिजतं. बाहेरून काहीच दिसत नाही. जेव्हा दिसतं तेव्हा बोअर-पिस्टनचं काम निघालेलं असतं.

मला मात्र त्या शेडमध्ये त्यांनी कधी बसू दिलं नाही. बारावीच्या सुट्टीत हौसेनं पाना उचलला, तर त्यांनी तो हातातून काढून घेतला. म्हणाले, "हे काळे हात माझ्यापर्यंत बस्स. तू खडू धर." मी खडू धरला. बी.एड. झालो, नोकरी लागली. पहिल्या अर्जात वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'व्यापार' असं लिहिलं होतं. तो कागद अब्बांनी वाचला, घडी घालून परत दिला आणि एक शब्द बोलले नाहीत. मी त्यानंतर हजारो मुलांना हुनरची इज्जत शिकवली असेन. तो रकाना आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

मग आली २०२१ ची बकरी ईद. २१ जुलैला ईद होती आणि दिवसभर पाऊस थांबला नव्हता. रात्रीतून वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं आणि २२ तारखेला सकाळी आमच्या गल्लीत होड्या चालवता आल्या असत्या. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. त्या हिशेबानं मी मोटरसायकल ओट्यावर चढवून ठेवली होती. पाणी त्या खुणेच्या वर गेलं. आम्ही शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर. वीज गेली, फोन गेले, फ्रीजमधलं कुर्बानीचं गोश्तही गेलं.

पाणी उतरल्यावर गाडी सापडली ती आडवी, चिखलात, हँडलला कुणाची तरी ओढणी गुंडाळलेली. अब्बा तेव्हा सत्तरी पार केलेले, गुडघ्यांनी जायबंदी. त्यांनी जिन्यावरूनच हाक मारली, "चावी काढून घे. किकला कोणी हात लावायचा नाही!"

ही हाक पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या माझ्या दुल्हेभाईंपर्यंत पोहोचली नाही. ते बेकरीचा माल गाडीवरून वाड्यावाड्यांत पोचवायचे. त्यांनी घाईनं किक मारली, किक दबेना, म्हणून दोघांनी ढकलून गाडी गिअरमध्ये सोडली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की जोर कुठेतरी जायलाच हवा, तो कनेक्टिंग रॉडवर गेला आणि रॉड वाकला. पुरानंतर सगळ्याच गॅरेजांत रांगा होत्या. दुल्हेभाईंचं इंजिन उघडून परत बांधून होईपर्यंत दोन महिने गेले, आणि दोन महिने आपाच्या घरात कमाई नव्हती. फोन बंद होते हे खरं. पण चालत गेलो असतो तर पाच मिनिटांचं अंतर होतं. मी घरातला चिखल काढत बसलो.

आमच्या गाडीचं काम त्या दिवशी अब्बांनी माझ्याकडून करून घेतलं. त्यांच्या हातांना कंप होता, पाना धरवत नव्हता. ते खुर्चीत बसून सांगत होते आणि वयाच्या चाळिशीत मी पहिल्यांदा त्यांचा शागीर्द झालो. खालचा नट सोडल्यावर आधी नुसतं पाणीच आलं, कारण पाणी जड, ते तळाशी बसतं. मागून आलं ते ऑइल दूध घातलेल्या चहासारखं. स्पार्क प्लग काढून हलकेच किक मारली तेव्हा सिलिंडरमधून गढूळ पिचकारी उडाली. पेट्रोलची टाकी आणि कार्बुरेटर रिकामे केले, एअर फिल्टर धुऊन वाळवला. बाजार तर बुडालेला, म्हणून सावर्ड्याहून ऑइलचे डबे आणले. भरायचं, थोडं फिरवायचं, काढून टाकायचं. दोनदा पुन्हा चहाच निघाला. तिसऱ्यांदा ऑइलचा रंग ऑइलचाच राहिला आणि मग गाडी सुरू झाली. अब्बांनी इंजिनाच्या आवाजाकडे कान लावला, मान हलवली आणि म्हणाले, "आता शेजाऱ्यांना बोलाव." त्या आठवड्यात गल्लीतल्या बऱ्याच गाड्या आमच्या अंगणातून गेल्या. चिखलानं भरलेल्या घरात दुसरं काहीच आमच्या हातात नव्हतं, पण हे होतं.

तेव्हापासून ऑइल मी घरीच बदलतो. यंदा अकरावीतला मुलगाही सोबतीला बसला. कसं करायचं ते सांगतो. आमची गाडी स्प्लेंडर, तुमची वेगळी असेल तर माप आणि पान्याचा नंबर गाडीच्या पुस्तकात बघा.

आधी गाडी चार-पाच मिनिटं चालू ठेवायची. गार ऑइल घट्ट असतं, तळाचा गाळ सोडत नाही. पण लगेच हातही घालायचा नाही, गरम ऑइलनं चामडी सोलते आणि सायलेन्सर तर त्याहून तापलेला असतो. थोडं थांबून, सपाट जागी, डबल स्टँडवर. वरची ऑइल मापायची दांडी सैल करून ठेवली की हवा आत जाते आणि ऑइल सरळ धारेनं पडतं. मग खाली सतरा नंबरचा नट. घमेलं आधी सरकवा, नट मागाहून सोडा. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण आमच्या अंगणातल्या फरशीवरचा डाग बघायला या.

या नटापाशी आमच्याकडे गोष्ट बिघडता बिघडता राहिली. नट सोडायचा तो घड्याळाच्या उलट दिशेनं, हे मुलाला ठाऊक होतं. पण तो गाडीवर वाकून वरून बघत होता आणि नटाचं तोंड जमिनीकडे. वरून बघणाऱ्याला दिशा उलटी दिसते. सोडतोय असं समजून तो नट आवळत होता, आणि निघत नाही म्हणून पान्यावर पाय ठेवायच्या बेतात होता. इंजिनाचं खालचं अंग ॲल्युमिनियमचं, नट लोखंडी. जोर झाला की नटाला काही होत नाही, इंजिनातले आटे जातात, आणि मग दर पावलाला ऑइल ठिबकतं. अब्बा खुर्चीतून ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, खाली झोप आणि नटाच्या डोळ्यात बघ." तो पोत्यावर आडवा झाला, बघितलं आणि लाजला. उलट फिरवल्यावर नट सहज सुटला.

धार संपली तरी दहा मिनिटं द्यायची. चावी बंद ठेवून दोन-चार हलक्या किका मारल्या की अडून बसलेलंही खाली येतं. तोवर नट पुसून त्याचा वायसर बघायचा. चेपलेला असेल तर नवीन घाला, चहाच्या कपापेक्षा स्वस्त मिळतो. नट परत लावताना आधी बोटांनीच फिरवायचा. बोटांनी जात नसेल तर तो वाकडा बसतोय. शेवटी पान्यानं आवळायचा, मनगटाच्या जोरानं, अंगाच्या नाही.

मग नवीन ऑइल. स्प्लेंडरला ऑइल बदलताना ९०० मिलीलिटर लागतं. पूर्ण लिटरची बाटली आणली तर उरलेलं इंजिनात ओतून 'जास्त तर जास्त' म्हणू नका, जादा ऑइलनंही इंजिन जड चालतं. बाटलीवर आकडे असतात, आमच्या गाडीला १०डब्ल्यू३०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं त्याचा, नंतरचा इंजिन तापल्यावर किती दाट राहतं त्याचा. शिवाय 'जासो एमए' ही अक्षरं शोधा. ही जपानी मोजणी खास मोटरसायकलसाठी आहे. मोटारीत क्लच सहसा इंजिनाच्या ऑइलपासून वेगळा असतो. आपल्या मोटरसायकलमध्ये पिस्टन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात न्हातात. मोटारीच्या काही ऑइलांत जास्तीचा निसरडेपणा मिसळलेला असतो, तो आपल्या क्लच-प्लेटा सरकवतो. मग ॲक्सिलरेटर पिळला तर आवाज वाढतो आणि गाडी चढावर तिथेच. कोणाच्या घरी कारचं उरलेलं ऑइल असेल तर ते तिथेच राहू द्या.

भरून झालं की गाडी दोन-तीन मिनिटं चालू करायची, बंद करायची, पुन्हा तेवढंच थांबायचं आणि दांडी पुसून माप बघायचं. स्प्लेंडरमध्ये दांडी नुसती टेकवायची, आटे फिरवून आत घालायची नाही, नाहीतर माप खोटं येतं. दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं की झालं. किती किलोमीटरला बदलायचं हे मेहुण्याला किंवा मला विचारू नका, गाडीच्या पुस्तकाला विचारा. पण माप मात्र महिन्यातून एकदा बघत जा. जुनी गाडी ऑइल खाते आणि सांगत नाही. आणि एक काम घरी होत नाही: या इंजिनात उजव्या झाकणाआड गाळ धरून ठेवणारा फिल्टर असतो, तो अधूनमधून मेकॅनिककडूनच साफ करून घ्यावा लागतो. म्हणून सहशिक्षकांना पुन्हा सांगतो, गॅरेजं चालू राहिलेली मलाही हवी आहेत.

आता घमेल्यातल्या काळ्या ऑइलचं काय करायचं? घरी काम करण्यातला खरा पेच इथे आहे, कारण गॅरेजमध्ये तो आपल्याला दिसत नाही. गल्लीत सर्रास ते गटारात जातं. आमचं गटार पऱ्ह्याला मिळतं, पऱ्ह्या वाशिष्ठीला. पुरात त्याच नदीचं पाणी आमच्या घरात कंबरेच्या वर होतं आणि त्यावर तेलाची सप्तरंगी साय तरंगत होती. ती भिंतीवरून घासताना मला वाटलं, यात थोडं आमच्या शेडमधलंही असेल. अब्बांच्या काळात याचा विचार कोणी करत नव्हतं, त्यांनी हे स्वतःच मान्य केलं. काही घरांत हे जळकं ऑइल बकऱ्यांच्या खरजेवर लावतात. कृपा करून लावू नका. त्यात इंजिनाच्या धातूचा कीस आणि जळलेली रसायनं असतात, जनावर ते चाटतं. त्यापेक्षा गुरांच्या डॉक्टरकडून औषध आणा. चुलीत तर घालूच नका, तो धूर घरातल्या बायामुलांच्याच छातीत जातो. वापरलेलं ऑइल सरकारी नियमांत घातक कचऱ्यात मोडतं आणि परवानाधारक कारखाने ते शुद्ध करून पुन्हा वापरात आणतात. आम्ही ते खाद्यतेलाच्या जुन्या कॅनमध्ये भरतो. वर मोठ्या अक्षरांत लिहितो, म्हणजे कोणी स्वयंपाकघरात नेणार नाही. कॅन भरला की बाजारातल्या ज्या गॅरेजमधून गोळा करणारा पिंप भरून नेतो, तिथे नेऊन देतो. ते पैसे देत नाहीत, मी मागत नाही.

त्या रविवारी काम आटोपल्यावर मुलानं हात रॉकेलनं आणि मग साबणानं धुतले. तरी नखांत काळं राहिलंच. "पप्पा, उद्या कॉलेजात विचारतील," म्हणाला. मी म्हटलं, "सांग, दादांच्या गॅरेजात होतो."

अब्बांनी आपली जुनी वही मागितली. गॅरेज असताना गिऱ्हाइकांच्या गाड्यांची नोंद ते त्यात उर्दूत करायचे. कापऱ्या हातानं त्यांनी तारीख आणि मीटरवरचे किलोमीटर लिहिले. मुलगा पहिलीपासून इंग्रजी शाळेत, तो वही उलटसुलट करून बघत होता. "दादा, यातला सात कुठला आणि आठ कुठला?"

अब्बांनी त्याचं काळं राहिलेलं बोट धरलं आणि आकड्यांवर ठेवलं. "टोक खाली तो सात. टोक वर तो आठ."