गोळी सोडा, पण एकदम नको



नैराश्याच्या गोळ्यांचे व्यसन लागते, असे सांगणारे वाचकपत्र वाचले. त्यातला त्रास खरा आहे. निष्कर्ष पटत नाही. गोळी एकदम बंद केली की चक्कर, मळमळ, भलभलती स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते. पण दारूसारखी तल्लफ येत नाही. पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन या गोळ्या शरीरातून लवकर उतरतात, म्हणून त्रास जास्त. फ्लुऑक्सेटिन रेंगाळते, म्हणून कमी.

'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'तील २०२४च्या विश्लेषणात गोळी थांबवणाऱ्या सुमारे ३१ टक्के लोकांना लक्षणे जाणवली, आणि औषध नसलेली खोटी गोळी थांबवणाऱ्या १७ टक्क्यांनाही! म्हणजे त्रास दुर्मीळ नाही, सरसकटही नाही. त्याच नियतकालिकात होरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की शेवटचे काही मिलिग्रॅमच अवघड असतात, कारण अल्प मात्रेचाही मेंदूवर मोठा परिणाम असतो. म्हणून शेवटी अधिकच सावकाश उतरायचे. 'दिवसाआड घ्या' हा ओट्यावरचा सल्ला तर घातकच.

औरंगपुऱ्यातल्या माझ्या औषध दुकानात वेगळेच दिसते. सिल्लोड-पैठणकडचा माणूस पेरणीत अडकतो, पाकीट संपते, औषध आपोआप बंद. मग जुना आजार उलटला असे घरचे समजतात. बंद केल्यावर काही दिवसांतच, झटक्यांसह सुरू झालेला त्रास बहुधा औषध सोडल्याचा असतो. आजार हळूहळू परततो. हा फरक डॉक्टरांनीच ठरवावा. घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेलि-मानस हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्रीही मराठीत बोलता येते.

— एक औषधविक्रेता, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर