वाट द्या

डॉक्टर मंडळींचे एक बरे असते. ती आपल्याला जे करायला सांगतात, ते स्वतः करीत असतातच असे नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरांनी माझ्या रक्तातली साखर पाहिली, स्वतःच्या पोटावरून सावकाश हात फिरवला आणि म्हणाले, "रोज चाला. जमले तर पळा." मी पडलो आज्ञाधारक. चिरंजीवांनी बूट आणून दिले, सूनबाईंनी मनगटाला घड्याळ बांधले. वेळ सांगणे हे या घड्याळाचे अगदी किरकोळ काम. पावले, अंतर, नाडीचे ठोके, चढ-उतार असे सारे ते मोजते आणि रात्री त्याचा हिशेब देते. माझ्या वडिलांनीही माझ्यावर इतकी नजर ठेवली नव्हती. "लोकल चुकत असतानासुद्धा हे कधी इतके पळाले नाहीत," असा शेरा आमच्या सौभाग्यवतींनी मारला, तो खरा होता.

मुंबईच्या फुटपाथावर पळणे म्हणजे अडथळ्यांची शर्यत. तेव्हा वैशाखात चार दिवस साडूंकडे भातसानगरला जायचे ठरले, याचा सर्वांत जास्त आनंद मला झाला. आमचे साडू पाटबंधारे खात्यात, राहायला धरणाच्या वसाहतीत. "इथे पळायला वाटाच वाटा आहेत," असे त्यांनी फोनवर सांगितले होते. ते स्वतः पळत नाहीत, हे सांगायला नकोच.

वाचकहो, शहापूरचा हा मुलूख आपण पावसाळ्यात पाहिला असेल, तर वैशाखात तो ओळखू येणार नाही. इथे शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, पण तो सारा चार महिन्यांत. खाली काळा कातळ, वर वीतभर माती. पाणी मुरायला जागा नाही; ते आले तसे ओढ्यानाल्यांतून निघून जाते. होळी झाली की साग पाने टाकतो, गवत वाळून वणव्यात जळते आणि टेकड्यांचा तांबूस मुरूम उघडा पडतो. राजस्थानात एकदा असे उघडे डोंगर पाहिले होते, त्यांची आठवण झाली. दूर माहुलीचे सुळके तेवढे निळसर दिसत होते.

या टेकड्यांवरून पाऊलवाटा गेलेल्या आहेत. त्या कोणत्याही खात्याने बांधलेल्या नाहीत. पावलांनी पडलेल्या आहेत. शेजारच्या मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट तर दोन हजार वर्षांपूर्वीपासून वाहता आहे. वर लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे, आणि बाहेरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. तो व्यापाराचा राजमार्ग. त्याला इतिहास मिळाला. पाड्यावरून रानात, पाड्यावरून विहिरीवर जाणाऱ्या वाटांना इतिहास नाही. त्या रोज वापरल्या जातात, एवढेच.

पहिल्या दिवशी मी आपटलो नाही, हे पूर्वजांचे पुण्य. सुटा मुरूम पायाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखा सरकतो. चढाला दम लागतो तो पाच मिनिटांत जिरतो. खरा हिशेब उताराचा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलत असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जिन्याच्या पायऱ्या पाहून रडू येते. तिसऱ्या दिवशी मात्र थोडी युक्ती साधली: पाऊल आखूड, गुडघा सैल, नजर दहा फूट पुढे. मला स्वतःचा अभिमान वाटू लागला. अपघात अशाच वेळी होतात.

सकाळचे सात वाजले असतील. एका सोंडेला वळसा घालून वाट उतरत होती. रुंदी जेमतेम दोन पावलांची. घड्याळाने नुकतेच टुण्णकन वाजून वेग वाढल्याची शाबासकी दिली होती. वळणावर आलो तो समोरून डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई, आणि तिच्यामागे दहा-बारा वर्षांची मुलगी. तिच्या डोक्यावर लहान हंडा, कडेला कळशी. मला थांबता येईना. बाई चटकन डोंगराकडे सरकली. मुलगी सरकली ती उताराकडे. तिचा पाय मुरुमावरून घसरला, ती खाली बसली, आणि हंडा-कळशी ठणठणत खाली गेली.

मुलीला लागले नव्हते. पाणी मात्र बघता बघता जमिनीने पिऊन टाकले. माझ्या तोंडून "सॉरी" निघाले आणि हात खिशात गेला. आपण शहरातली माणसे. नुकसान झाले की आपल्याला खिसाच आठवतो. मी शंभराची नोट पुढे केली.

बाईने नोटेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. रागावली नाही. म्हणाली, "भाऊ, कोन मागं लागलंय काय तुमच्या?"

"नाही," मी म्हणालो.

"मग पलता कशाला?"

साखरेचे कारण सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी खाली उतरून हंडा-कळशी गोळा केली, बाईला घरी जायला सांगितले आणि मुलीबरोबर परत पाण्यावर निघालो.

पाणी म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रात उकरलेला झिरा. तळाशी परातभर पाणी. ते वाटीने भरायचे, संपले की पुन्हा पाझरेपर्यंत थांबायचे. अगोदर आलेल्या तिघी होत्या. त्यांनी मुलीला काय झाले ते विचारले आणि मग माझ्याकडे पाहून पदर तोंडाला लावून हसल्या. हंडा-कळशी भरायला, नंबर धरून, बावन्न मिनिटे लागली.

कळशी मी घेतली. घड्याळ, बूट, डॉक्टर यांपैकी कोणाचाही उपयोग झाला नाही. पुढे मुलगी हंडा घेऊन अनवाणी चालली होती: पाऊल आखूड, गुडघा सैल, नजर दहा फूट पुढे. तीन दिवसांच्या धडपडीतून मला जे साधले, ते तिला कधी कोणी शिकवलेही नसेल. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अशाच वाटांवर अनवाणी धावू लागली, आणि 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक घेऊन गेली. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत तिला रौप्य मिळाले. पदक एकीला मिळते. वाटेवर पुष्कळजणी असतात.

सोंडेवर आलो तेव्हा खाली धरणाचे पाणी दिसत होते. निळे, विस्तीर्ण, डोळे निववणारे. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे याच भातसाचे. ते नदीवाटे पिशाच्या बंधाऱ्यापर्यंत जाते, तिथून पंपांनी उचलून पांजरापूरला शुद्ध होते आणि आपल्या घरी येते. तानसाही याच तालुक्यात; त्याचे पाणी मुंबई 1892 पासून पिते आहे. आणि याच शहापूर तालुक्यातल्या कितीतरी गावापाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाडे वर आहेत आणि पाणी खाली आहे, हे कारण सांगतात. खरे आहे. पण पिशालाही पाणी खालीच असते. तिथे पंप बसवले आहेत.

मुलीने विचारले, "तुमच्याकडं नळ रोज येतो?"

"येतो," मी म्हणालो. नळाला जोर नाही म्हणून गेल्याच महिन्यात सोसायटीच्या सभेत मी पंधरा मिनिटे तावातावाने बोललो होतो, ते मात्र सांगितले नाही.

रात्री घड्याळाने हिशेब दिला. पळण्याची मिनिटे वेगळी, चढ वेगळा, आणि झिऱ्यावरची ती बावन्न मिनिटे 'विश्रांती' या सदरात जमा. साडूंना दाखवले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उद्या वसाहतीच्या रस्त्यावर पळ."

मी वाटेवरच गेलो, पण उशिरा, पाणी भरून झाल्यावर. आणि एक नियम केला: समोरून डोक्यावर भांडे दिसले की थांबायचे, उताराच्या बाजूला आपण उभे राहायचे, डोंगराची बाजू तिला द्यायची. याने त्या पाड्याला थेंबभर पाणी जास्त मिळत नाही, हे मला कळते. निदान सांडत तरी नाही.

आता दिवाळी आली. नरकचतुर्दशीला पहाटे आमच्याकडे नातवंडांची अभ्यंगस्नानासाठी रांग लागते आणि बंबाला उसंत नसते. परवा मी सहज न्हाणीघरातली बादली मोजून पाहिली. पंधरा लिटर, त्या मुलीच्या हंड्याएवढीच असेल. सौभाग्यवतींनी विचारले, "बादली घेऊन काय बसलात?" मी तिला सारे पहिल्यांदाच सांगितले. ती काही बोलली नाही. उठून तिने गळणारा नळ घट्ट केला, आणि म्हणाली, "वैशाखात पुन्हा जाल, तेव्हा मीही येईन. मला पळायचे नाही. कळशी धरता येते."