नाव ऐकलं, पण पान उलटलं का?

बालमित्रांनो,

पॉडकास्ट म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. उलट तुम्हीच मला शिकवाल! पण हे पान घरातले आजी-आजोबाही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. पूर्वी रेडिओवर गप्पांचे कार्यक्रम लागायचे ना, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की रेडिओची वेळ आपल्याला पाळावी लागायची आणि पॉडकास्ट आपल्या सवडीनं ऐकता येतो. भांडी घासताना, बसमध्ये, अगदी अंथरुणात पडल्या पडल्यासुद्धा!

या पॉडकास्टमध्ये विनोदी कलाकारांच्या गप्पा फार रंगतात. दोन-दोन, तीन-तीन तास चालतात. तुम्हाला वाटेल, तीन तास नुसते विनोद? छे! गंमत अशी, की हसता हसता ही मंडळी मध्येच एखाद्या पुस्तकाचं नाव घेतात. कुणी इतिहासातला राजा काढतो, कुणी ग्रीक तत्त्वज्ञ. ऐकणाऱ्याच्या कानावर दहा नवी नावं पडतात.

यात नवल काहीच नाही बरं का! दुसऱ्याला हसवायचं तर माणूस बारकाईनं पाहावा लागतो, आणि माणूस समजून घ्यायला पुस्तकासारखी दुसरी जागा नाही. आपले पु. ल. देशपांडेच बघा ना. सगळ्या महाराष्ट्राला त्यांनी हसवलं, पण रवींद्रनाथ ठाकूर मुळातून वाचता यावेत म्हणून ते बंगाली शिकले. अमेरिकन लेखक हेमिंग्वे यांची म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट त्यांनीच 'एका कोळियाने' या नावानं मराठीत आणली. हसवणारा माणूस पुष्कळदा पक्का वाचणारा असतो तो असा.

मग अडचण कुठे आहे? ती आमच्या वर्गात झाली. तीच आज सांगणार आहे. त्यात माझी स्वतःचीही फजिती आहे, तेव्हा हसलात तरी चालेल.

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. आपल्या राज्यात तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. मागच्या वर्षी त्या दिवशी मी सातवीच्या मुलांना म्हटलं, "एकेकानं पुढे या आणि वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल बोला." कुणी 'श्यामची आई'वर बोललं, कुणी 'बनगरवाडी'वर. मग एक मुलगा उठला. चुणचुणीत, बोलका. म्हणाला, "मी रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस याचं पुस्तक वाचलं. संकट आलं तरी डोकं शांत ठेवायचं. जे आपल्या हातात नाही त्याची काळजी करायची नाही, असं त्यात लिहिलंय."

काय छान बोलला! वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही "शाबास!" म्हटलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, ते पुस्तक सुरू कसं होतं, ते याला विचारू का?"

मुलगा जरा गडबडला. मग म्हणाला, "लढाईपासून. तो बादशहा होता ना!"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. बरोबर की चूक, हे बाई सांगतील म्हणून. आणि खरं सांगू का? मला ते माहीत नव्हतं! या बादशहाचं नाव मीही एका विनोदी कलाकाराच्या पॉडकास्टमध्येच ऐकलं होतं. पुस्तक उघडलं नव्हतं. न वाचलेल्या पुस्तकासाठी मी शाबासकी देऊन मोकळी झाले होते. मी घाईघाईनं म्हटलं, "बरं, पुढचा कोण?" आणि वेळ मारून नेली.

त्या रात्री मला काही चैन पडेना. चार-पाच दिवसांत ते पुस्तक मिळवलं आणि पहिलं पान उघडलं. काय असेल त्यात? लढाई? मुळीच नाही. त्यात आहेत आभार!

हो, आभार. मार्कस ऑरेलियस इसवी सन १६१ ते १८० या काळात रोमचा सम्राट होता. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी. पण त्यानं हे लिहिलं ते लोकांसाठी नव्हे, स्वतःसाठी. वहीत टिपणं काढावीत तसं, आणि तेही ग्रीक भाषेत. त्यातला काही भाग तर लष्कराच्या छावणीत लिहिलेला आहे. म्हणजे आमच्या मुलाचं उत्तर अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं म्हणा! आज हे पुस्तक इंग्रजीत 'मेडिटेशन्स' नावानं प्रसिद्ध आहे. त्याचे बारा भाग आहेत. आणि पहिला अख्खा भाग म्हणजे कुणाकडून काय शिकलो, याची यादी. सुरुवात आजोबांपासून. मग आई येते, मग एकेक शिक्षक.

त्या शिक्षकांत एक रस्टिकस नावाचे गुरू आहेत. त्यांच्याकडून काय मिळालं, ते सांगताना सम्राट लिहितो, की पुस्तक लक्ष देऊन वाचावं, वरवर समजलं म्हणून समाधान मानू नये, हे त्यांनी शिकवलं. शिवाय एपिक्टेटस या तत्त्वज्ञाच्या शिकवणीची स्वतःजवळची प्रत त्यांनी वाचायला दिली. हा एपिक्टेटस कोण, माहीत आहे? एके काळी गुलाम असलेला माणूस! गुलामीतून आलेल्या माणसाचे विचार सम्राट वाचतो आणि ते पुस्तक देणाऱ्या गुरूची आठवण ठेवतो.

मी ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. 'पुस्तक वरवर वाचू नये' हे ज्या पुस्तकाच्या पहिल्या भागातच सांगितलंय, त्याच पुस्तकाबद्दल आम्ही दोघं, म्हणजे मुलगा आणि त्याच्या बाई, न वाचता बोलत होतो!

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "मुलांनो, त्या दिवशी माझी शाबासकी खोटी होती. मी पुस्तक वाचलंच नव्हतं." वर्ग एकदम गप्प झाला. मग तो मुलगा हळूच म्हणाला, "बाई, मीपण नाही वाचलं. दादाच्या मोबाइलवर ऐकलं होतं." त्याला मी रागावले नाही. कोणत्या तोंडानं रागावणार? उलट म्हटलं, "ऐकलंस हे छान केलंस. पण मग 'ऐकलं' असंच सांगायचं."

आता तुम्ही विचाराल, "बाई, मग ते विनोदी कलाकार तरी पुस्तकं खरंच वाचतात का? की तेही आपल्यासारखेच?" सगळ्यांचं मला सांगता येणार नाही. पण खरोखर वाचणाऱ्यांची एक गोष्ट मात्र सांगते.

अमेरिकेत कोनन ओब्रायन नावाचा विनोदी कलाकार आहे. १९९३ पासून २०२१ पर्यंत त्यानं दूरचित्रवाणीवर रात्रीचे गप्पांचे कार्यक्रम केले आणि २०१८ साली स्वतःचा पॉडकास्ट सुरू केला. मोठमोठे नट-नट्या त्याच्याकडे यायला उत्सुक असायचे. पण त्याला स्वतःला कोण हवं होतं? रॉबर्ट कॅरो नावाचा चरित्रकार! कॅरो यांची जाडजूड पुस्तकं म्हणजे कोननचा जीव की प्राण. वर्षानुवर्षं तो त्यांना आपल्या रात्रीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण देत राहिला, आणि ते नम्रपणे नाही म्हणत राहिले. पण म्हणून कोननचं त्यांची पुस्तकं वाचणं काही थांबलं नाही.

कॅरो यांचं पहिलं पुस्तक 'द पॉवर ब्रोकर' १९७४ साली निघालं. पानं किती? बाराशेच्या वर! न्यूयॉर्कमध्ये पूल, बागा आणि हमरस्ते बांधणाऱ्या रॉबर्ट मोझेस या अधिकाऱ्याचं ते चरित्र आहे. हा माणूस एकही निवडणूक जिंकला नाही, तरी चाळीसहून अधिक वर्षं शहर त्याच्या म्हणण्याप्रमाणे बदलत राहिलं. हे कसं घडलं, ते शोधायला कॅरो यांना सात वर्षं लागली. पैसे संपले, तेव्हा त्यांच्या पत्नीनं, इना यांनी, राहतं घर विकलं.

कॅरो आधी वर्तमानपत्रात बातमीदार होते. तिथल्या एका संपादकांनी त्यांना एक धडा दिला होता. काहीही गृहीत धरायचं नाही, कागदपत्रांतलं प्रत्येक पान उलटायचं. तो धडा कॅरो कधी विसरले नाहीत. या पुस्तकात एका रस्त्याच्या फक्त एका मैलावर अख्खं प्रकरण आहे. त्या एका मैलासाठी सुमारे दीड हजार कुटुंबांना घरं सोडावी लागली. १९५२ साली त्यांच्या हातात नोटिसा पडल्या, मुदत नव्वद दिवसांची. दोनच गल्ल्या पलीकडून रस्ता नेला असता तर यातली बहुतेक घरं वाचली असती. कॅरो त्या माणसांना शोधत गेले, त्यांच्याशी बोलले. नकाशात जी एक रेघ होती, तिच्याखाली माणसं होती, हे त्यांना पानं उलटल्यामुळे कळलं.

२०२४ साली या पुस्तकाला पन्नास वर्षं झाली. तेव्हा रोमन मार्स या निवेदकानं आणि एलियट केलन या विनोदी लेखकानं काय करावं? 'चला, हे पुस्तक सगळे मिळून वाचू,' असं म्हणून वर्षभर पॉडकास्ट चालवला! थोडी थोडी पानं वाचायची आणि त्यावर बोलायचं. हसायचंही भरपूर. कोनन ओब्रायन त्यात पाहुणा म्हणून आला आणि खुद्द कॅरोही बोलले. ऐकणाऱ्यांनी नुसतं ऐकलं नाही, पुस्तकाचा तो ठोकळा मांडीवर घेऊन सोबत वाचला. पुस्तकाचं नाव घेणं वेगळं आणि बोट धरून त्या पुस्तकाच्या दारात नेऊन सोडणं वेगळं, नाही का?

आणखी एक गोष्ट. पुस्तकात लिहिलंय म्हणजे तिथे विचार थांबला, असंही नाही हं. मोझेसनं काही रस्त्यांवरचे पूल मुद्दाम बुटके बांधले, म्हणजे गरिबांच्या बसगाड्या त्याच्या सुंदर समुद्रकिनाऱ्याकडे जाऊच नयेत, असं कॅरो यांनी लिहिलं. ही हकिकत फार गाजली. गप्पांत अजूनही निघते. पण पुढे काही अभ्यासकांनी शंका काढली. त्या रस्त्यांवर बसगाड्यांना मुळातच बंदी होती, मग पुलाची उंची कशाला कमी करायची? कॅरो यांना ही गोष्ट मोझेसच्याच एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितली होती. कोणाचं खरं? यावर आजही वाद होतो. पाहा, पुस्तक वाचल्यावर प्रश्न संपत नाहीत, चांगले प्रश्न सुरू होतात. आमच्या त्या मागच्या बाकावरच्या मुलीसारखे!

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलं पॉडकास्ट ऐकतात म्हणून लगेच डोळे वटारू नका. सगळेच पॉडकास्ट मुलांच्या कानी पडण्यासारखे नसतात, हे मात्र खरं. काहींत भाषाही सैल असते. म्हणून कधी कधी सोबत बसून ऐका. एखादं पुस्तकाचं नाव आलं, तर ते कागदावर लिहून ठेवा आणि वाचनालयात विचारा. आणि मुलानं काही विचारलं व तुम्हाला ते माहीत नसलं, तर 'माहीत नाही, बघू या' म्हणायला लाजू नका. मी लाजले होते, आणि ते मला महागात पडलं.

मुलांनो, आता तुमच्यासाठी एक छोटासा उद्योग. वहीचं एक पान घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा 'ऐकलं', उजवीकडे लिहा 'वाचलं'. गप्पांत, टीव्हीवर किंवा पॉडकास्टमध्ये पुस्तकाचं नाव ऐकलंत की ते डावीकडे टाका. ते पुस्तक उघडून वाचलंत की मगच उजवीकडे. डावी बाजू कितीही लांब झाली तरी लाज नाही. फक्त डावीकडचं नाव उजवीकडे ढकलताना फसवाफसवी नको.

आमच्या वर्गात भिंतीवर असा एक तक्ता लावलाय. 'मेडिटेशन्स'चं नाव त्या मुलाच्या ओळीत अजून डावीकडेच आहे. पण परवा तो सांगत होता, "बाई, सात पानं झाली. आजोबांचे आभार मानून झाले, आता गुरुजींचे चाललेत."

या वेळची शाबासकी मात्र खरी होती!

तुमच्या तक्त्यात उजवीकडे काय काय आलं, ते मला पत्रानं जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या बाई