वायफायचा साइट सर्व्हे : कुठे करावा, कुठे नको

शाळेत वायफाय बसवायचं म्हटलं की हल्ली कोटेशनमध्ये 'साइट सर्व्हे' अशी एक ओळ येते. शाळा व्यवस्थापन समितीत लगेच कुणीतरी म्हणतं, "सर, कशाला हा खर्च? त्यापेक्षा अजून एक राउटर घ्या ना!"

इमारतीत फिरून कुठे किती सिग्नल पोहोचतो, शेजारच्या राउटरचा अडथळा किती, हे मोजून नकाशावर मांडणं म्हणजे साइट सर्व्हे. दोन-चार खोल्यांच्या शाळेने यासाठी लोकवर्गणीतला एक रुपयाही घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. राउटर मधल्या खोलीत उंचावर ठेवा, लोखंडी कपाटामागे नको. अँड्रॉइड मोबाइलवर सिग्नल मोजणारं मोफत अ‍ॅप घ्या आणि प्रत्येक वर्गात शेवटच्या बाकापर्यंत फिरा. आकडे उणे येतात. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ सहसा नीट चालतो, उणे ८० ला मात्र नुसतं चक्र फिरत बसतं. (सहावी-सातवीची मुलं सोबत घ्या, ऋण संख्यांचा सराव फुकटात होतो!)

पण इमारत दुमजली असेल, भिंती जाड दगडी असतील आणि तीस-चाळीस टॅब एकदम चालवायचे असतील, तर सर्व्हे हवाच. तोही खरेदीच्या आधी. एकदा वायरी भिंतीत गेल्या, वर रंग बसला, की जागा बदलणं सर्व्हेपेक्षा महाग पडतं. 'अजून एक राउटर' हे तर इथे उलटंच औषध. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. जवळजवळचे दोन राउटर एकाच चॅनेलवर आले की दोघांनाही थांबून थांबून बोलावं लागतं. ५ गिगाहर्ट्झला चॅनेल जास्त, पण भिंतीपलीकडे तो लवकर दमतो.

शक्यतो सर्व्हे शाळा भरलेली असताना करा. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, ते सिग्नल शोषतं. दिवाळीच्या सुट्टीत रिकाम्या वर्गात मिळालेले आकडे चाळीस मुलं बसल्यावर राहत नाहीत.

त्याआधी लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून स्पीड बघा. तिथेच इंटरनेट रडत असेल, तर दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा. त्यावर सर्व्हे काय करणार? आणि सर्व्हेचे पैसे दिलेच, तर रिपोर्टची प्रत शाळेत ठेवा. काम झाल्यावर त्याच जागांवर पुन्हा मोजून दाखवल्याशिवाय शेवटचं बिल देऊ नका.