जिज्ञासेचा जमाखर्च

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघर मुलांच्या भवितव्याचा जो खल सुरू होतो, त्यात शाखेची मागणी, महाविद्यालयाचे शुल्क, झालेच तर शेजारच्या चिरंजिवांचा पगार, अशा सर्व बाबींची रीतसर छाननी होते. मात्र ह्या मुलास आपण होऊन काय जाणून घ्यावेसे वाटते, हा प्रश्न चर्चेवाचूनच दप्तरी दाखल होतो. जे थोडे पालक तो विचारतात, तेही बहुधा ‘तुला आवडते काय?’ एवढ्यावर थांबतात. वस्तुतः जिज्ञासेची पारख आवडीवरून नव्हे, तर तिच्यापायी मनुष्य किती रूक्ष श्रम बिनतक्रार उपसतो, यावरून व्हावी.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा दाखला पाहा. १९२९ साली हार्वर्डची पदवी घेतलेला हा गणिती पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत असता, संख्याशास्त्र आत्मसात करण्यासाठी एखादा खराखुरा प्रश्न हवा म्हणून आहत नाण्यांकडे, म्हणजे ठसे उमटवून पाडलेल्या प्राचीन नाण्यांकडे, वळला. चलनात फिरणारे नाणे हाताळणीने झिजते, आणि ते जितका काळ फिरते तितके त्याचे वजन घटते. तेव्हा अचूक तराजूवर एकेक नाणे तोलून तक्षशिलेस सापडलेल्या अशा नाण्यांच्या साठ्यांचा कालक्रम लावता येईल, हा त्यांचा तर्क. तो पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळची चालू नाणीही हजारोंनी तोलली. ही निव्वळ कारकुनी होती, आणि तीच त्यांना पुढे घेऊन गेली: नाणी पाडली कोणी, हे कळावे म्हणून ते प्राचीन वाङ्मयाकडे गेले, त्यासाठी संस्कृतात खोल उतरले, १९४८ साली भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा पालटणारा ग्रंथ लिहिला. ह्या सर्व काळात चरितार्थ मात्र गणितावरच चालला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नोकरीसाठी ‘डेक्कन क्वीन’ने पुणे-मुंबई ये-जा करणे त्यांनी कमीपणाचे मानले नाही.

याचा अर्थ जिज्ञासा फुकट मिळते असा नव्हे. १९६२ साली संस्थेने त्यांची नेमणूक पुढे चालवली नाही. त्यांचे वडील धर्मानंद बौद्ध धर्माच्या ओढीने १८९९ साली गोव्यातील घर सोडून गेले, तेव्हा त्या ज्ञानयात्रेची झळ मागे राहिलेल्या पत्नीला व तान्ह्या मुलीला सोसावी लागली. चरित्रकार हे कलम सहसा ओझरते लिहितात. जिज्ञासेची महती गाणाऱ्यांनी तिचा भार कोणाच्या शिरी पडतो, हेही बिनदिक्कत सांगावे.

म्हणून पालकांना विनंती एवढीच, की पोटापाण्याची पदवी मुलाने जरूर घ्यावी. पण कोणी न सांगता तो कोणत्या कंटाळवाण्या कामात तासन्‌तास गढून जातो, हे वर्षभर निरखावे, आणि त्या कामाचा हशील काय, हा तगादा तूर्त त्याच्यामागे लावू नये.