वेबसाइटचा शेवटचा हप्ता देण्याआधी नेट बंद करून बघा



वेबसाइट करून घेताना आपण काय तपासतो? लोगो, रंग, फोटो, मोबाइलवर नीट दिसते का. माझ्या मते हे सगळं नंतरचं. धंद्यासाठी पहिला प्रश्न हा: सर्व्हरकडून माहिती आली नाही, तर तुमची साइट ग्राहकाला काय सांगते?

समजा, तुमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. साइट म्हणजे दुकानाचं काउंटर आणि सर्व्हर म्हणजे लांबचं गोदाम. ग्राहकाने गोडा मसाला निवडला की काउंटरवरचा पोरगा गोदामात फोन करतो, "माल आहे का? भाव काय?" उत्तराबरोबर एक आकडा येतो. २०० म्हणजे सगळं ठीक. ४०४ म्हणजे मागितलेली गोष्ट सापडली नाही. ५०० म्हणजे गोदामातच गोंधळ झालाय.

आता गंमत बघा. जावास्क्रिप्टमध्ये हा फोन लावायला 'फेच' नावाची सोय आहे. फोन लागलाच नाही, तर फेच त्याला अपयश मानतं. पण समोरून ४०४ किंवा ५०० आलं, तर त्याच्या लेखी फोन लागला, काम झालं! उत्तर खरंच ठीक आहे का, हे डेव्हलपरला कोडमध्ये वेगळं तपासावं लागतं. किती सेकंद वाट बघायची, हेही त्यानेच ठरवायचं असतं. घाईच्या कामात नेमकं हेच राहतं आणि ग्राहकासमोर कोरं पान येतं, नाहीतर गोल चक्र फिरत बसतं.

खरा फटका ऑर्डरच्या वेळी बसतो. ग्राहक बटण दाबतो, नेट अडकतं, तो पुन्हा दाबतो. पहिली ऑर्डर कदाचित पोचलेली असते, फक्त उत्तर परत आलेलं नसतं. मग एकाच माणसाच्या दोन ऑर्डरी आणि परतीच्या कुरिअरचा खर्च तुमच्या खिशातून. यावर उपाय आहे. प्रत्येक ऑर्डरला आधीच एक वेगळा नंबर द्यायचा. तोच नंबर पुन्हा आला, तर सर्व्हरने नवी ऑर्डर धरायची नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, आत्ता दहाच तर ग्राहक आहेत, एवढं कशाला?" दहाच आहेत म्हणूनच! मोठ्या कंपनीची साइट अडकली तर लोक उद्या परत येतात. नव्या दुकानात पैसे कापले गेले आणि पान कोरं दिसलं, तर लोकांना फसवणूक वाटते.

म्हणून तीन चाचण्या करा:

१. क्रोममध्ये एफ१२ दाबा, 'नेटवर्क' भागात 'ऑफलाइन' निवडा आणि साइट वापरून बघा.
२. डेव्हलपरला सर्व्हरवरून मुद्दाम ५०० पाठवायला सांगा.
३. ऑर्डरचं बटण पटापट दोनदा दाबा. ऑर्डर एकच पडली पाहिजे.

पहिल्या दोन्ही वेळी पडद्यावर साध्या मराठीत काहीतरी यायलाच हवं. पैसे भरताना अडकलं तर, "उत्तर मिळालेलं नाही. ऑर्डर तपासत आहोत, पुन्हा पैसे भरू नका." एवढ्या एका ओळीने ग्राहक टिकतो.

आणि हो, ही अट काम सुरू होण्याआधीच लेखी ठरवा. नंतर सांगितलंत तर डेव्हलपर वाढीव पैसे मागेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.