बॉयलरच्या नळीला आपला वेल्डर का नको?

सभासद बंधूंनो, साखर उतारा चांगला पडला की आपण शेतकी खात्याला शाबासकी देतो. पण रोलरचे दात झिजून ऊस धरेनासा झाला, की चालत्या मिलजवळ बसून त्या दातांवर रॉडचे ठिपके मारणारा वेल्डर कोणाच्या ध्यानात येत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यागत टोचतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

बॉयलरच्या नळ्यांचे काम निघाले की मात्र बाहेरचा माणूस शोधायचा. कारण १९५० च्या भारतीय बॉयलर नियमांप्रमाणे तिथला जोड परीक्षा देऊन दाखला मिळवलेल्या वेल्डरनेच द्यायचा असतो. नियम रास्त आहे. वाफेशी खेळ नको. पण नांदेड-लातूरच्या आयटीआयमधून शिकलेल्या आपल्या पोरांनी जन्मभर ग्रील अन् ट्रॉल्याच जोडायच्या काय?

आमचे म्हणणे असे, की गाळप बंद असते त्या महिन्यांत कारखान्याने दरसाल दोन-चार पोरांचा जुन्या नळ्यांवर हात बसवून घ्यावा आणि परीक्षेची फी भरावी. शिकून पोरगं लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात गेलं तर? जाईना का! २०१८ साली पायाभरणी झालेला तो कारखानाही आपल्याच भागात आहे. काळी काच आणि चामडी हातमोजे मात्र आजच द्यावेत. त्याला वार्षिक सभेचा ठराव लागत नाही.